हाय प्रेस आणि अटॅकिंग फुटबॉल: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

प्रॅक्टिस संपल्यावर बुटांच्या नाड्या सोडता सोडता पोरं जे विचारतात आणि रात्री मॅच बघताना व्हॉट्सअ‍ॅपवर जे मेसेज येतात ते सगळे इथे एकत्र केलेत. उदाहरणं बहुतेक इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबची आहेत, कोच युर्गन क्लॉप असतानाची, साधारण २०१७ ते २०२० ची टीम, कारण ती मी सगळ्यात जास्त वेळा थांबवून थांबवून बघितलीय आणि प्रेस कसा बांधायचा हे तिच्यात स्पष्ट दिसतं. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिली नाहीये, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हाय प्रेस म्हणजे नक्की काय? जोरात धावायचं आणि बॉलवर तुटून पडायचं एवढंच ना?

नाही. समोरची टीम बॉल घेऊन वर यायच्या आधीच तिला तिच्याच गोलजवळ गाठायचं, पास द्यायच्या वाटा बंद करायच्या आणि तिथेच बॉल काढून घ्यायचा, हा हाय प्रेस. धावावं लागतंच, पण धावणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

कबड्डी खेळलेल्यांना हे एका वाक्यात कळतं. रेडर आत आला आणि एकच जण साखळी तोडून त्याच्या अंगावर गेला की तो निसटतो, पॉइंट जातो आणि मागे भगदाड पडतं ते वेगळंच. साखळी धरून सगळे एकदम सरकले, कोपऱ्यातल्याने पाय धरला आणि त्याच क्षणी कव्हर आला की रेडर गेला. प्रेसमध्ये पण पहिला जो धावतो तो बहुतेक वेळा बॉल घेतच नाही, तो फक्त समोरच्याला एका बाजूला वळवतो आणि बॉल काढतो त्याच्या मागून आलेला दुसरा नाहीतर तिसरा.

२. मग गेगेनप्रेसिंग वेगळं असतं का? कॉमेंट्रीवाले दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात.

वेगळं आहे. हाय प्रेसमध्ये समोरची टीम आरामात बॉल घेऊन सुरुवात करतेय, गोल किक असेल किंवा सेंटरबॅक (डिफेन्समधले मधले दोघं) एकमेकांना देतायत, आणि आपण ठरवून जातो. गेगेनप्रेसिंग, म्हणजे काउंटर-प्रेस, हे आपला बॉल गेला त्या क्षणी करायचं असतं. अटॅक करताना बॉल गेला, मागे पळायचं नाही, जवळचे तीन-चार जण लगेच त्याच्याभोवती.

हे का चालतं? ज्याने आत्ताच बॉल हिसकावलाय त्याची मान खाली असते, कोण कुठे आहे हे त्याने अजून बघितलेलं नसतं, आणि त्याची टीम डिफेन्समधून अटॅकमध्ये जायला नुकतीच पसरायला लागलेली असते, म्हणजे तेवढे दोन-तीन सेकंद ती सगळ्यात कच्ची असते. क्लॉप नेहमी म्हणायचा की चांगल्या काउंटर-प्रेसएवढा भारी प्लेमेकर जगात नाही. पेप ग्वार्दिओलाच्या बार्सिलोनात हेच पाच सेकंदांचा नियम म्हणून ओळखलं जायचं, पाच सेकंदात मिळाला नाही तर मागे येऊन जागा धरा.

७ मे २०१९ ची लिव्हरपूल-बार्सिलोना मॅच परत बघा, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. दुसरा गोल बघा. उजवीकडे लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्डकडून बॉल जातो. तो हात वर करत नाही, रेफ्रीकडे बघत नाही, तिथल्या तिथे वळून बार्सिलोनाच्या जॉर्डी अल्बाकडून परत घेतो आणि चालत्या पायात क्रॉस टाकतो, वाइनाल्डम गोल. ४-० मधला हा एक गोल पोरांना मी दहा वेळा दाखवलाय, तंत्र शिकवायला म्हणून नाही, बॉल गेल्यावर चेहरा कसा असायला पाहिजे ते दाखवायला.

३. फॉर्मेशन कोणतं लावू? ४-३-३ च लागतं का?

लागतंच असं नाही. हे आकडे म्हणजे मागून पुढे किती डिफेंडर, किती मिडफिल्डर, किती फॉरवर्ड. ४-४-२ मध्ये प्रेस होतो, अरिगो सॅकीचं मिलान तेच खेळायचं, ३-४-३ मध्ये पण होतो. आकडा ही फक्त सुरुवातीची जागा आहे. खरी गोष्ट आहे अंतर. सॅकीचा आग्रह असायचा की पहिल्या फॉरवर्डपासून शेवटच्या डिफेंडरपर्यंत साधारण २५ मीटर, त्यापेक्षा टीम लांबली की मधे समोरच्याला खेळायला अंगण मिळतं.

तरी पहिल्यांदा करताय तर ४-३-३ घ्या असंच मी सांगेन. पुढे तिघं असल्यामुळे दोन सेंटरबॅक आणि त्यांच्या पुढचा मिडफिल्डर असे तिघंही लगेच झाकले जातात, आणि आपला बॉल असताना त्याच तिघांमुळे मैदान रुंद राहतं.

४. लिव्हरपूलमध्ये कोण कुठे उभं राहून काय करायचं? नीट समजावून सांगा.

यावर सगळ्यात जास्त मेसेज आलेत म्हणून हे सावकाश सांगतो.

साधारण टीम काय करतात, विंगरने (कडेच्या फॉरवर्डने) समोरच्या फुलबॅकला (कडेच्या डिफेंडरला) धरायचं आणि सेंटर-फॉरवर्डने एकट्याने दोन सेंटरबॅकच्या मागे फिरत बसायचं. क्लॉपने ते उलटं केलं. त्याचे दोन विंगर, सालाह आणि माने, आत सरकून उभे राहायचे, सेंटरबॅक आणि फुलबॅक यांच्या मधल्या रेषेवर. बॉल सेंटरबॅककडे गेला की ते सरळ न धावता बाहेरून आत अशी वाकडी धाव घ्यायचे. त्यामुळे दोन कामं एकदम व्हायची, सेंटरबॅकवर दबाव यायचा, आणि धावणाऱ्याच्या पाठीमागे जी सावली पडते ना, तिच्यात फुलबॅक झाकला जायचा. सेंटरबॅकला फुलबॅक दिसायचा पण त्याला पास देता यायचा नाही.

मग उरला मधला रस्ता. तिथे रॉबर्टो फर्मिनो. तो सेंटर-फॉरवर्ड असून बऱ्याचदा सेंटरबॅककडे जायचाच नाही, त्यांच्या पुढच्या मिडफिल्डरच्या अंगाला चिकटून राहायचा आणि पास सुटला की मागून पाय घालायचा. म्हणजे समोरच्याला वाटतंय मधे जागा आहे, तो मधे देतो, आणि तिथे सापळा लावलेला असतो.

त्यांच्या मागचे तिघं मिडफिल्डर, हेंडरसन, वाइनाल्डम आणि मधे फॅबिन्यो. सालाहच्या डोक्यावरून उचलून पास फुलबॅककडे गेलाच तर त्या बाजूचा मिडफिल्डर बाहेर धावायचा आणि बाकीचे दोघं त्याच्या मागे सरकायचे. बॉल हवेत असतो तेवढ्या दीड-दोन सेकंदात तो पोचला पाहिजे, म्हणून या टीमच्या मिडफिल्डमध्ये नाजूक कलाकार कमी आणि फुप्फुसं जास्त होती. पुष्कळ लोकांनी तेव्हा या तिघांना सामान्य म्हटलं, माझ्या मते पूर्ण सिस्टीम त्यांच्याच पायांवर उभी होती.

५. प्रेस कधी सुरू करायचा? पोरं आपापल्या मनाने धावतात आणि सगळा गोंधळ होतो.

खूण ठरवा, एकच खूण सगळ्यांना पाठ पाहिजे. इंग्लिश कोच तिला ट्रिगर म्हणतात. नेहमीच्या खुणा अशा: बॉल घेणाऱ्याची पाठ आपल्या गोलकडे आहे, पहिला टच लांब गेला, पास हळू आलाय किंवा उसळत आलाय, गोलकीपरकडे बॅकपास गेला, किंवा बॉल टचलाइनजवळच्या (मैदानाच्या लांब बाजूच्या रेघेजवळच्या) फुलबॅककडे गेला. शेवटची माझी आवडती, कारण टचलाइन फुकटचा डिफेंडर आहे, ती ना दमते ना चुकते.

सुरुवातीला सगळ्या खुणा शिकवू नका. आमच्या पोरांना मी पहिले तीन आठवडे फक्त एकच दिली होती, समोरचा फुलबॅक बॉल घेताना स्वतःच्याच गोलकडे तोंड करून घेतो तेव्हा. ती दिसली की जवळचा ओरडणार "चल" आणि सगळे सरकणार. खूण नाही दिसली तर जागेवर थांबायचं, पास देऊ द्यायचे, काही बिघडत नाही. थांबणं शिकवायला धावणं शिकवण्यापेक्षा जास्त दिवस गेले.

आणि खूण दिसल्यावर एक जण गेला आणि बाकीचे बघत राहिले तर तो प्रेस नाही. एका इंटरकॉलेज स्पर्धेत आम्ही हेच भोगलंय, पुढची दोन पोरं जीव तोडून धावतायत, मिडफिल्ड मधल्या वर्तुळात उभं आणि डिफेन्स आपल्या डीजवळ, हाफटाइमपर्यंत चार गोल खाल्ले. ती दोन पोरं रडत होती आणि त्यांची काही चूक नव्हती, मी त्यांना वर पाठवलं होतं पण मागच्यांना वर आणलं नव्हतं.

६. रॉबर्टसनची ती क्लिप, एकटाच पूर्ण ग्राउंडभर धावतो, तो प्रेस नाही का मग?

१४ जानेवारी २०१८, मँचेस्टर सिटीविरुद्ध अ‍ॅनफिल्डवर, संक्रांतीचाच दिवस होता. अँडी रॉबर्टसन लेफ्टबॅक असून सिटीच्या एकामागून एक खेळाडूच्या मागे धावत धावत गोलकीपर एडरसनपर्यंत जातो आणि शेवटी ओटामेंडीला फाऊल करतो. स्टेडियम उठून उभं राहतं. मला पण ती क्लिप प्रचंड आवडते.

पण शिकायला ती घेऊ नका. लेफ्टबॅकने जागा सोडून एवढं वर जाणं हे त्या टीमचं रोजचं काम नव्हतं. त्याच मॅचमधला सालाहचा गोल बघा, एडरसन घाईत पुढे येऊन बॉल मारतो, तो थेट सालाहकडे आणि सालाह ४० यार्डांच्या आसपासून रिकाम्या गोलमध्ये उचलून टाकतो. मानेचा गोल पण ओटामेंडीकडून बॉल सुटल्यावरच झाला. मॅच ४-३ जिंकली ती या अशा मिनिटांमुळे.

७. डिफेन्स लाइन एवढी वर? मागे अर्धं मैदान रिकामं, एक लांब पास आला की खेळ खलास!

हिशोब करून बघा. मैदान १०५ मीटर धरलं तर मधल्या रेषेपासून समोरच्या पेनल्टी बॉक्सच्या कडेपर्यंत साधारण ३६ मीटर. आपले फॉरवर्ड त्या कडेवर प्रेस करतायत आणि डिफेन्स मधल्या रेषेवर आहे, तर गोलकीपर सोडून दहा जणांना ३६ मीटरचा पट्टा झाकायचाय. तीच लाइन २० मीटर मागे राहिली की पट्टा ५६ मीटरचा झाला, आणि त्यात समोरचे मिडफिल्डर लग्नाच्या मांडवात फिरल्यासारखे फिरणार. म्हणजे लाइन वर आणणं ही हौस नाही, प्रेस करायचा असेल तर ती आणावीच लागते.

मागची जागा झाकणाऱ्या गोष्टी तीन: ऑफसाइड (पास सुटताना त्यांचा फॉरवर्ड आपल्या शेवटच्या डिफेंडरच्याही मागे उभा असेल तर खेळ थांबतो), पुढे येणारा गोलकीपर (प्रश्न ८), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉलवर दबाव. मान वर करून, पाय मागे घेऊन, निवांत लांब पास मारायला वेळ मिळाला की वर असलेली लाइन उघडी पडली. म्हणून डिफेंडरला एकच नियम सांगा, बॉलवर दबाव आहे तर वर या, दबाव नाही तर तोंड वळवून मागे पळायला लागा, पास मारायची वाट बघू नका.

दोन्ही टोकं दाखवतो. २६ ऑक्टोबर २०२४, हान्सी फ्लिकचं बार्सिलोना माद्रिदमध्ये जाऊन रियालला ४-० हरवतं, रियाल १२ वेळा ऑफसाइड, त्यातला एकटा एमबापे ८ वेळा. आणि दुसरं टोक, ४ ऑक्टोबर २०२०, अ‍ॅस्टन व्हिला ७, लिव्हरपूल २. चॅम्पियन टीम, लाइन तीच, पण त्या संध्याकाळी बॉलवर दबावच नव्हता, गोलमध्ये नेहमीच्या अ‍ॅलिसनऐवजी आद्रियान, आणि ओली वॉटकिन्सने हाफटाइमच्या आत हॅटट्रिक केली. काही गोल पायाला लागून वळून गेले हे खरं, पण त्या मॅचला नुसतं नशीब म्हणून सोडून देऊ नका.

८. गोलकीपर कसा पाहिजे?

पायाने खेळणारा आणि लाइन सोडायला न घाबरणारा. लिव्हरपूलला जानेवारी २०१८ मध्ये सेंटरबॅक व्हॅन डाइक आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अ‍ॅलिसन मिळाला आणि मगच ही सिस्टीम पूर्ण झाली. आपला बॉल समोरच्या हाफमध्ये असतो तेव्हा गोलकीपर पेनल्टी बॉक्सच्या कडेवर, कधी बाहेर सुद्धा, उभा पाहिजे. गोलपोस्टला टेकून उभा राहणारा कितीही चपळ असला तरी या खेळात उपयोगाचा नाही.

९. प्रेस तुटला, तीन जण मागे पडले, आता काय?

तीन पर्याय, आणि ते याच क्रमाने. एक, जवळचा जो आहे त्याने बॉलवाल्याला अडवून धरायचं, टॅकल मारायचा नाही, फक्त वेग मारायचा, बाहेरच्या बाजूला न्यायचं. दोन, मागे पडलेल्यांनी बॉलच्या मागे न धावता आपल्या गोलच्या मधल्या पट्ट्याकडे सरळ रेषेत पळायचं. तीन, अगदीच नाही जमलं तर मैदानाच्या मधे, गोलपासून लांब, साधा फाऊल. हा तिसरा मला मनापासून आवडत नाही आणि लहान पोरांना मी शिकवत नाही, पण मोठ्या लेव्हलला तो सर्रास होतो आणि पिवळं कार्ड मिळतं हे माहीत असून करतात.

खरं उत्तर मात्र बॉल जायच्या आधीचं आहे. आपण अटॅक करत असतानाच मागे कोण थांबलंय? दोन सेंटरबॅक आणि त्यांच्या पुढे एक मिडफिल्डर एवढे तरी पाहिजेतच, आणि त्यांनी नुसतं उभं राहायचं नाही, समोरचा जो फॉरवर्ड वर थांबलाय त्याच्या अंगाला आधीच लागून राहायचं. फॅबिन्योचं अर्धं काम हेच होतं, टीव्हीवर दिसत नाही कारण कॅमेरा बॉलवर असतो.

१०. बॉल आपल्याकडे आला की पुढे काय? नुसता प्रेस करून गोल होत नाही.

बॉल वर हिसकावला असेल तर पहिला पास पुढे. समोरचे विस्कटलेले आहेत तेवढ्यात आठ-दहा सेकंदात शॉट गेला पाहिजे, मागे देऊन परत जुळवाजुळव करत बसलात तर सगळी मेहनत पाण्यात.

सावकाश अटॅक बांधायचा असेल तेव्हा लिव्हरपूलमध्ये रुंदी फुलबॅक द्यायचे. फर्मिनो खाली उतरायचा, त्याच्या मागे सेंटरबॅक बाहेर ओढला जायचा, त्या फटीत सालाह आणि माने आत घुसायचे आणि बाहेरची मोकळी बाजू अलेक्झांडर-अरनॉल्ड आणि रॉबर्टसनला. २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये या दोन फुलबॅकच्या असिस्ट (गोलच्या आधीचा शेवटचा पास) १२ आणि ११. फुलबॅकच्या! त्या सीझनला ९७ पॉइंट मिळवून टीम दुसरी आली, पुढच्या वर्षी ९९ मिळवून ३० वर्षांनी लीग जिंकली.

११. समोरची टीम प्रेस करायला काही देतच नाही, सगळे खाली बसतात. तेव्हा?

हे खरं दुखणं आहे. प्रेसला समोरच्याची इच्छा लागते, त्याने बॉल खेळायला बघितलं तरच आपण हिसकावणार. खाली दोन रांगा लावून बसलेल्या टीमसमोर तीन गोष्टी बघा: बॉल या बाजूकडून त्या बाजूला पटकन न्या म्हणजे रांग सरकताना फट पडते, कॉर्नर-फ्रीकिकवर मनापासून मेहनत करा, आणि बॉक्सच्या कडेला काउंटर-प्रेससाठी माणसं ठेवा. ते बॉल क्लिअर करतील तेव्हा तो परत आपल्याच पायात पडला पाहिजे आणि परत तिथूनच अटॅक, असं दहा मिनिटं चाललं की कुणाचाही श्वास चुकतो.

तरी हमी नाही. ११ मार्च २०२० ला अ‍ॅटलेटिको माद्रिद अ‍ॅनफिल्डवर असंच बसलं, लिव्हरपूलने वर्चस्व गाजवलं आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ३-२ ने हरून चॅम्पियन्स लीगच्या बाहेर गेलं.

१२. मॅन-टू-मॅन प्रेस सोपा नाही का? प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा.

सांगायला सोपा, निभवायला अवघड. मार्सेलो बिएल्साचं लीड्स मैदानभर जवळजवळ असंच खेळायचं आणि प्रीमियर लीगमध्ये परतल्यावर पहिल्याच सीझनला, २०२०-२१ मध्ये, नववं आलं. बघायला नुसतं वेड. पण एक माणूस ड्रिबलमध्ये हरला की पूर्ण साखळी कोसळते, कारण कव्हर द्यायला कुणी मोकळा नसतो. झोनमध्ये (प्रश्न ४ मधली पद्धत) आपण माणूस नाही, वाट झाकतो. माझा सल्ला, गोल किक आणि थ्रो-इनवर मॅन-टू-मॅन, चालू खेळात झोन.

१३. थ्रो-इन आणि गोल किकला काही वेगळं असतं का?

असतं, आणि इथे एक सापळा आहे जो मॅचमध्येच कळतो. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर, या तिन्हीवरून थेट आलेल्या बॉलवर ऑफसाइड नसतो. म्हणजे समोरच्या गोलकीपरची किक लांब जात असेल आणि तुमची लाइन ऑफसाइडच्या भरवशावर वर उभी असेल तर त्यांचा फॉरवर्ड खुशाल मागे जाऊन उभा राहू शकतो. गोल किकला एक डिफेंडर त्याच्याही मागे ठेवा.

दुसरं, २०१९ च्या नियम बदलानंतर गोल किकचा बॉल पेनल्टी बॉक्सच्या आतच आपल्या खेळाडूला देता येतो, बाहेर जायची गरज नाही. आपल्याला मात्र बॉल खेळात येईपर्यंत बॉक्सच्या बाहेरच थांबावं लागतं. त्यामुळे धाव कडेवरून सुरू होते, आतून नाही, आणि ती पहिल्या पासबरोबर सुटली पाहिजे.

थ्रो-इन तर प्रेसची सोन्याची संधी, फेकणारा स्वतः मैदानाबाहेर म्हणजे आत ते दहा आणि आपण अकरा. लिव्हरपूलने २०१८ मध्ये फक्त थ्रो-इनसाठी थॉमस ग्रोनेमार्क नावाचा कोच आणला होता.

१४. समोरची टीम प्रेसला न जुमानता सरळ लांब मारते. मग वर जाऊन फायदा काय?

फायदा हा की त्यांनी खेळायचं सोडून दिलं. पण पहिल्या हेडिंगपेक्षा नंतर खाली पडणारा बॉल कुणाचा यावर सगळं ठरतं. सेंटरबॅक हेडिंगला गेला की दोन मिडफिल्डर त्याच्या पुढे १०-१२ मीटरवर आणि दुसरा सेंटरबॅक मागे कव्हरला. अशा टीमसमोर लाइन पाच-सात मीटर खाली घ्यायला लाज वाटू देऊ नका.

१५. ९० मिनिटं असा प्रेस शक्य आहे का? आमची पोरं ६० व्या मिनिटाला संपतात.

कुणालाच शक्य नाही, लिव्हरपूलला पण नव्हतं. पहिली १५-२० मिनिटं पूर्ण, मग मधल्या रेषेपर्यंत खाली येऊन वाट बघायची, हाफटाइमनंतर परत १० मिनिटं, आणि गोल झाला की लगेच एक लाट. आणि बॉल आपल्याकडे ठेवणं हीच खरी विश्रांती आहे हे पोरांच्या डोक्यात उतरवा, प्रत्येक वेळी बॉल मिळाला की पुढेच पळायचं असं नसतं. मोठ्या लेव्हलला आता पाच बदली खेळाडू मिळतात, प्रीमियर लीगमध्ये २०२२-२३ पासून कायमचे, त्यामुळे पुढचे तिघंच्या तिघं बदलता येतात. तुमच्या स्पर्धेत किती बदल चालतात ते आधी विचारून घ्या आणि त्यावर प्लॅन करा.

१६. रेड कार्ड मिळालं, दहाच उरले. प्रेस बंद?

हाय प्रेस बंद, काउंटर-प्रेस चालू. ४-४-१ करा, खाली या, पण बॉल गेल्यावर ते दोन-तीन सेकंद सोडू नका. खुणांमधली फक्त एक ठेवा, गोलकीपरला खराब बॅकपास.

१७. मुख्य डिफेंडर जखमी झाला तर सिस्टीम बदलायची का?

माझ्या मते लाइन बदलायची, विचार नाही. १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकचा गुडघा गेला, पाठोपाठ गोमेझ आणि मातिप हे बाकीचे सेंटरबॅक पण गेले. मग फॅबिन्यो आणि हेंडरसनला मागे खेळवायला लागलं. म्हणजे मागचं भोक बुजवताना मिडफिल्डला भोक पडलं, प्रेस सैल झाला, आणि अ‍ॅनफिल्डवर ६८ लीग मॅच न हरलेली टीम २०२१ च्या सुरुवातीला घरच्याच मैदानावर लागोपाठ सहा हरली. म्हणून मी सांगतो, मिडफिल्डला हात लावू नका, बदली डिफेंडर हळू असेल तरी त्यालाच खेळवा आणि लाइन थोडी खाली घ्या.

१८. पीपीडीए, पीपीडीए करतात ते काय असतं?

पासेस पर डिफेन्सिव्ह अ‍ॅक्शन. समोरच्या टीमने त्यांच्या स्वतःच्या भागात किती पास खेळले भागिले आपण तिथे किती वेळा टॅकल, इंटरसेप्शन, फाऊल असं काही केलं. आकडा जेवढा कमी तेवढा प्रेस कडक, १० च्या खाली म्हणजे चांगलाच वर. पण खाली बसणाऱ्या टीमसमोर (प्रश्न ११) तो आकडा फसवतो. गावपातळीवर त्याची गरज नाही, एक वही घ्या आणि समोरच्या हाफमध्ये आपण किती वेळा बॉल काढला त्याच्या रेघा मारा.

१९. भारतात असं कुणी खेळलंय का?

सगळ्यात जवळ जाणारी म्हणजे सर्जिओ लोबेराच्या टीम, आधी एफसी गोवा आणि मग मुंबई सिटी. त्यांचा पाया बॉल ताब्यात ठेवण्याचा होता, लिव्हरपूलसारखा धावपळीचा नाही, पण लाइन वर, गोलकीपरपासून खेळ सुरू, आणि बॉल गेला की लगेच परत हिसकावायला जाणं. गोव्याची नोव्हेंबर २०१७ मधली बेंगळुरूविरुद्धची ४-३ बघा, गोव्याचा फॉरवर्ड कोरो याची हॅटट्रिक आहे तिच्यात. मुंबईने २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्ड, म्हणजे लीग टप्प्यातला पहिला नंबर, आणि ट्रॉफी दोन्ही घेतल्या, फायनलला बिपिन सिंगचा ९० व्या मिनिटाचा गोल. गोव्याच्या दमट हवेत प्रेस मोजून मापून करावा लागतो, हे त्या मॅचमध्ये दिसतं.

२०. आमच्याकडे, कोल्हापुरात किंवा मुंबईच्या पावसात, हे जमेल का?

जमेल, पण जसंच्या तसं नाही. उन्हात दुपारची मॅच असेल तर प्रेसच्या लाटा कमी आणि छोट्या. पावसात चिखल झाला की उलट प्रेस सोपा होतो, कारण पास अडकतो, पहिला टच बिघडतो, म्हणजे प्रश्न ५ मधल्या खुणा आपोआप मिळतात, पण वाकडी धाव घेताना पाय घसरतो म्हणून शेवटची दोन पावलं लहान टाकायला शिकवा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमची मॅच असली की गॅलरीतून "मार, मार" चालू असतं आणि पोरं त्या आवाजावर धावतात, खुणेवर नाही. त्यासाठी कॅप्टन खंबीर पाहिजे, ज्याचं ओरडणं बाकी दहा जण ऐकतात.

टर्फवर फाइव्ह-अ-साइड, सेव्हन-अ-साइड खेळणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, तिथे बहुतेक ठिकाणी ऑफसाइड नसतो. म्हणजे प्रश्न ७ मधलं अर्धं उत्तर बाद. एक माणूस कायम मागे ठेवा आणि बाकीच्यांनीच प्रेस करा.

२१. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना शिकवू का?

हाय प्रेसची पूर्ण सिस्टीम नको, त्या वयात बॉलवर पाय बसणं जास्त महत्त्वाचं, आणि नुसतं धाववून मॅच जिंकल्या की कोचलाच वाटतं आपण शिकवतोय. बॉल गेला की पाच मोजेपर्यंत परत मिळवायचा एवढा खेळ मात्र जरूर खेळवा. २० बाय २० चा चौकोन, चार विरुद्ध चार, हिसकावून लगेच तीन पास झाले की एक पॉइंट. पोरं हा खेळ स्वतःहून मागतात.

२२. प्रॅक्टिसला सुरुवात कुठून करू? एकच ड्रिल सांगा.

बॉल न घेता सुरू करा. मैदानावर फक्कीने दोन आडव्या रेघा मारा, मधे ३० मीटर. अकराही जण या दोन रेघांच्या आत. तुम्ही हातात बॉल धरून समोर चाला, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, आणि टीमने एकत्र सरकायचं. मग रेघा पुसा आणि तेच परत. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा दोन सेंटरबॅकच्या कमरेला सात मीटरची सुतळी बांधली होती, एक गेला आणि दुसरा विसरला की सुतळी ताणली जायची आणि दोघंही थांबून एकमेकांकडे बघायचे. चौथ्या दिवशी सुतळी सोडली, तरी त्यातला एक जण मॅचमध्ये मधेमधे कमरेला हात लावून बघायचा आणि मग दोन पावलं आत सरकायचा.